सापळ्यातल्या माश्या मोजताना

हापूसच्या बागेत फळमाशीचे सापळे मे महिन्यात टांगायला निघालात तर उशीर झाला म्हणून समजा. थंडीत ही माशी तुरळक दिसते. मार्चपासून ऊन वाढतं, फळं तयार होऊ लागतात तशी तीही वाढते आणि मे-जूनमध्ये जोर धरते. फळं अंड्याएवढी झाली की मिथाईल युजेनॉलचा (माशीला ओढणाऱ्या वासाच्या रसायनाचा) ठोकळा घालून हेक्टरी 4 ‘रक्षक’ प्रकारचे सापळे सावलीच्या फांदीला, डोक्याच्या उंचीवर बांधा.

दर आठवड्याला ठरल्या वारी माश्या मोजा, वहीत लिहा, सापळा रिकामा करा. आकडा एकदम घसरला तर लगेच खूश होऊ नका. बऱ्याचदा ठोकळ्याचा वास उडालेला असतो, नाहीतर मुंग्यांनी मेलेल्या माश्या पळवलेल्या असतात. मुंग्या चढू नयेत म्हणून सापळ्याच्या तारेला ग्रीस लावा. शिवाय सापळ्यात येतात ते फक्त नर. मादी तिकडे सालीत अंडी घालतच असते.

म्हणून गळलेला आंबा झाडाखाली ठेवू नका. अळी त्यातून टुणकन उडी मारून बाहेर पडते, मातीत दोन बोटं खोल कोष करते आणि उकाड्यात आठ-दहा दिवसांत माशी तयार. गळलेली फळं रोज वेचून 2 फूट खोल पुरा. बांधावर फेकलात तर शेजारच्या पेरूची सोय केलीत!

काकडी-दोडक्यावरच्या माशीला हा गंध चालत नाही, तिला क्यू ल्युअर हे दुसरं आमिष लागतं.