कन्सेंटवर सही आहे, मग केस होऊ शकते का?

ताई, तुमचं सगळं वाचलं. वडील ६४ वर्षांचे, दम्याचा इनहेलर रोजचा, गुडघ्यांमुळे ट्रेडमिल जमणार नाही म्हणून पुण्याच्या हॉस्पिटलने ॲडेनोसिन हे औषध देऊन स्ट्रेस थॅलियम (हृदयाचा रक्तपुरवठा बघायची टेस्ट) केली, औषध सुरू होताच दम कोंडला, तीन दिवस आयसीयू, बिल १ लाख ८० हजार आणि आता हॉस्पिटल म्हणतंय, संमतीपत्रावर सही तुमचीच आहे.

सही आहे म्हणून हॉस्पिटल सुटलं असं नसतं हो. समीरा कोहली प्रकरणात (२००८) सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की धोके आणि पर्याय पुरेसे समजावले तरच ती संमती. पण माझ्या मते तुमचा खरा मुद्दा संमतीचा नाहीच, दम्याचा आहे. ॲडेनोसिनने श्वासनलिका आवळू शकतात, दमेकऱ्यांना ते टाळावं हे औषधाच्या माहितीपत्रकातच असतं, आणि अशा वेळी डोब्युटामिन या दुसऱ्या औषधाचा पर्याय बऱ्याचदा असतो.

आता दुसरी बाजू. नुसता त्रास झाला म्हणजे निष्काळजीपणा होत नाही, एरवी ही टेस्ट बऱ्यापैकी सुरक्षित आहे. हॉस्पिटल म्हणणार, आम्ही विचारलं, पेशंट बोललाच नाही (आणि आपली वडीलधारी माणसं खरंच सांगत नाहीत कधीकधी). म्हणून टेस्टआधीचा प्रश्नांचा फॉर्म बघा. त्यांच्याच ओपीडी पेपरवर इनहेलर लिहिलेला असेल तर त्यांना उत्तर देणं जड जाईल.

आधी सगळ्या रेकॉर्डसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या, ७२ तासांत द्यावं लागतं. त्यात औषध कधी सुरू केलं, कधी थांबवलं, उतारा म्हणून ॲमिनोफायलिन दिलं का आणि किती वाजता, तो मॉनिटरिंगचा कागद हवाच. बिलात सूट देतो म्हणून 'तक्रार नाही' असं लिहून मागितलं तर देऊ नका.

पोलिसात जायचं डोक्यातून काढा, जेकब मॅथ्यू निकालानंतर (२००५) तिथे घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो आणि आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत लागतं, त्यात वर्षं जातात. ग्राहक आयोगात जा. मुदत २ वर्षं, तुम्ही सांगलीत राहता तर सांगलीतच दाखल करता येते, आणि भरलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. नोटीस पाठवायच्या आधी मात्र कागद दुसऱ्या एखाद्या कार्डिओलॉजिस्टला दाखवा, त्याने दोन ओळी लेखी दिल्या तर उत्तमच.