चिंगीला सोबत हवी, पण किती वर्षांची?

‘दाराला कुलूप लावलं की चिंगी रडायला लागते, आणि ते रडणं मला जिना उतरून खाली येईपर्यंत ऐकू येतं.’ तुमच्या पत्राची सुरुवातच या वाक्याने झाली आणि पुढचे सगळे आकडे वाचताना ते मनातून गेलं नाही. चिंगी ही तुमची कुत्री, आणि तिला सोबत म्हणून दुसरा कुत्रा आणणं झेपेल का, हा तुमचा प्रश्न. म्हणून माझं मत आधीच सांगते. दुसरा कुत्रा तुम्हाला झेपेल. पण आत्ता लगेच घेऊ नका, पिल्लू घेऊ नका, आणि बोनसच्या पैशातून तर नकोच.

इतर वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमची परिस्थिती थोडक्यात मांडते. तुमचं वय ४७, साठाव्या वर्षी काम थांबवायचा विचार आहे. घरकर्जाचे हप्ते अजून ९ वर्षं चालतील, मुलगी ४ वर्षांनी महाविद्यालयात जाईल. चिंगी ६ वर्षांची, ४ किलोची, नसबंदी झालेली. तिच्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकते. तुम्ही दोघंही कामावर जाता, म्हणून ती रोज ७ तास एकटी असते. महिन्याला हाती येणाऱ्या पैशांचे १०० भाग केले तर ५५ घरात लागतात, २२ हप्त्यात जातात, १५ गुंतवणुकीत, ३ चिंगीवर, आणि ५ उरतात. अडीअडचणीसाठी ३ महिन्यांचा खर्च बाजूला आहे. लवकरच एका महिन्याच्या पगाराइतका बोनस येणार आहे आणि त्यातून उत्तम वंशावळीचं पिल्लू आणावं, असं तुमच्या मनात आहे.

तुमचं गणित असं: उरतात ५, दुसऱ्याला लागतील ३, म्हणजे जमतंय. आजच्या महिन्यापुरतं ते बरोबर आहे. पण कुत्रा पाळणं हे दहा-पंधरा वर्षांचं देणं आहे, आणि ते देणं तुमच्या आयुष्याच्या कोणत्या वर्षांत येऊन पडतं, हे मला त्या ३ भागांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

लहान जातीची कुत्री बऱ्याचदा १४-१५ वर्षं जगतात. आज दोन महिन्यांचं पिल्लू आणलंत तर ते १३ वर्षांचं होईल तेव्हा तुम्ही साठीला पोचलेल्या असाल. लहान कुत्र्यांचा मोठा खर्च याच शेवटच्या वर्षांत येतो. हृदयाची झडप सैल पडते आणि रोजचं औषध कायमचं सुरू होतं. छोट्या जबड्यात दाटीने उगवलेल्या दातांच्या हिरड्या खराब होतात, दात हलतात. ते काढायचे तर भूल द्यावी लागते. आधी रक्ततपासणी, नंतर देखरेख. म्हणजे पगार थांबेल नेमका त्याच सुमारास हे खर्च सुरू होतील. शिवाय महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज ३ भागांत बसणारा कुत्रा तेव्हा ६ भाग मागेल, तेही पगाराविना.

आता पिल्लाऐवजी ३ वर्षांचा कुत्रा आणला असं समजा. त्याची १४-१५ वर्षं तुमच्या अठ्ठावन्न-एकोणसाठीत पूर्ण होतील, म्हणजे त्याचा सगळा काळ तुमच्या कमावत्या वर्षांत बसतो. मुलगी महाविद्यालयात जाईल तेव्हा चिंगी १० वर्षांची असेल आणि तिचे दवाखान्याचे फेरे वाढू लागतील. हा कुत्रा तेव्हा ७ वर्षांचा, धडधाकट असेल. चिंगीचं म्हातारपण आणि त्याचं म्हातारपण यांत ३ वर्षांची फट राहते. ही फट मला फार मोलाची वाटते. माझ्याकडे बरोबरीच्या वयाचे दोन कुत्रे होते. बाराव्या वर्षी एकाचं हृदयाचं औषध सुरू झालं आणि त्याच उन्हाळ्यात दुसऱ्याचे सहा दात काढावे लागले. पैशांची जुळवाजुळव झाली, पण एकाच्या उपचाराची तारीख दुसऱ्यासाठी पुढे ढकलावी लागली, ते अजून मनात सलतं. म्हणूनच चिंगीच्याच वयाचा कुत्राही मी सुचवणार नाही.

वयाने मोठ्या कुत्र्याचा आणखी एक फायदा आहे, तोही सांगायला हवा. प्राण्यांच्या निवाऱ्यातून दत्तक घेतलेल्या प्रौढ कुत्र्याची नसबंदी आणि लसीकरण बहुतेकदा झालेलं असतं. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस, मधे जंतांची औषधं, वर्षभराने बूस्टर, नसबंदी, आणि कुरतडलेल्या चपला आणि खुर्च्यांचे पाय. शिवाय पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं. तुमच्या घरात ७ तास कुणीच नाही. ते करायला माणूस ठेवलात तर ५ भाग तिथेच संपतील.

आकाराबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘थोडा मोठा, राखण करणारा चालेल.’ हा विचार सोडून द्या. १६ किलोचा कुत्रा चिंगीच्या चौपट वजनाचा, पण तो चौपट खात नाही. शरीराला लागणारी ऊर्जा वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. नुसतं पडून राहायलाही ४ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात आणि १६ किलोच्या कुत्र्याला साधारण ५६०, म्हणजे पावणेतीनपटीहून थोड्या जास्त. चिंगीच्या ३ भागांतला निम्मा, म्हणजे दीड भाग, खाण्यावर जातो असं तुम्हीच लिहिलंय. मग त्याच्या खाण्यालाच सव्वाचार भाग हवेत. गोचीड-पिसवांचं औषध, जंतांच्या गोळ्या, भूल, सगळं वजनाच्या हिशेबाने. तुमचे ५ भाग यात बुडाले. आणि पैशांपलीकडचं कारण चिंगीचा गुडघा आहे. दंगामस्तीत १६ किलोचं धूड तिच्या अंगावर पडलं तर आज निभावतंय ते सरकणाऱ्या वाटीचं दुखणं शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकतं. आठ किलोंच्या आतला, शांत, नसबंदी झालेला नर शोधा. नर-मादीची जोडी सहसा लवकर जमते. दोन माद्यांची भांडणं जुंपली तर मिटवणं अवघड असतं.

विम्याबद्दल विचारलंय. ज्या दुखण्याची नोंद आधीच झाली आहे ते विम्यात सहसा धरत नाहीत, त्यामुळे चिंगीच्या गुडघ्यासाठी त्याचा उपयोग नाही. नव्या कुत्र्याचा विमा मात्र तो आला की लगेच, काही दुखणं नोंदलं जायच्या आत घ्या. दावा करण्याआधी किती दिवस थांबावं लागतं आणि कितव्या वर्षानंतर विमा बंद होतो, ही दोन कलमं नीट वाचा. म्हातारपणीच साथ सोडणारा विमा काढण्यापेक्षा तेवढीच रक्कम स्वतःच्या खात्यात टाकलेली बरी.

सगळ्यांत आधी मात्र एक बिनखर्चाची गोष्ट करा. जुना फोन कोपऱ्यात ठेवून तुम्ही बाहेर पडल्यानंतरचे दोन तास चित्रित करा. चिंगी दार ओरबाडते, धापा टाकते, लाळ गाळते, आणि हे पहिल्या अर्ध्या तासातच टोकाला जातं, असं दिसलं तर तिला सोबत नाही, तुम्ही हव्या आहात. अशा कुत्र्याला दुसरा कुत्रा बहुतेकदा पुरत नाही. कधीकधी दोघं मिळून रडतात. मग पैसा प्रशिक्षकावर आणि दुपारी येणाऱ्या माणसावर घालवा. ती थोडं रडून शांत होत असेल, उठून खिडकीशी जात असेल, कंटाळून पुन्हा झोपत असेल, तर सोबतीने फरक पडायची चांगली आशा आहे.

आता पैशांचं. बोनस आला की सगळाच्या सगळा अडचणीच्या निधीत टाका. तुमचा महिन्याचा खर्च ८० भाग, म्हणजे ३ महिन्यांचे २४० आधीचे आणि हे १००, असा निधी सव्वाचार महिन्यांचा होईल. ६ महिने आदर्श असतात, पण तोवर चिंगीला थांबवून ठेवा असं मी सांगणार नाही. येत्या महिन्यापासून एक वेगळं खातं उघडा आणि दुसरा कुत्रा घरात आलाच आहे असं समजून दर महिन्याला ३ भाग तिथे टाका. उरलेले २ निधीत. असे ८ महिने. एखाद्या महिन्यात ते ३ भाग काढावे लागले, तर पत्रातला ५ भागांचा हिशेब कुठेतरी चुकलाय आणि तो कुत्रा यायच्या आधी कळलेला चांगला. नाही लागले, तर खात्यात २४ भाग साठतील आणि दोघांच्या दवाखान्याची पहिली ठेव तयार होईल. गुंतवणुकीच्या १५ भागांना हात लावू नका. त्यात मुलीचं शिक्षण आहे.

या ८ महिन्यांत निवाऱ्यांशी बोलून ठेवा. बरेच निवारे कायमचं देण्याआधी काही आठवडे कुत्रा घरी सांभाळायला देतात. तशीच सोय मागा. पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही ओळखीच्या नसलेल्या जागी घडवा. घरी आल्यावर भांडी वेगळी, झोपायच्या जागा वेगळ्या, आणि पहिले काही दिवस तुमच्या नजरेआड दोघांना एकत्र ठेवू नका. नाही जमलं तर परत देताना अपराधी वाटून घेऊ नका.

त्याला घरी आणण्याआधी चिंगीचा गुडघा एकदा पुन्हा तपासून घ्या. बिल या नव्या खात्यातूनच भरा, आणि भरल्यावर त्यात किती उरलं ते मला कळवा.