एका चपलेवर घरी आलेला माणूस

प्रश्न : आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. मिस्टरांचं इतवारीत धान्याचं दुकान आहे, वय ४८. सहा वर्षांपासून शुगर आहे, पण गोळ्या मनात आलं तर घेतात. सोमवार, चतुर्थी, एकादशी मात्र कडक. उपवासानंच शुगर जाते म्हणतात. दर महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीजवळचा महादेवाचा डोंगर, चौरागड, चढतात, तेही अनवाणी. डॉक्टरचं नाव काढलं की, "मले काय झालं? काहून मागं लागते?" रोजचं भांडण झालंय. कशी समजूत घालू? एरवी स्वभाव गमत्या, थोडा विसराळू. मागच्या महिन्यात तर चौकातून घरी एका चपलेवर आले, दुसरी कुठं पडली पत्ताच नाही! आम्ही पोट धरून हसलो. मुलगाही बापावरच गेलाय. फुटबॉल खेळताना अंगठ्याचं नख निघालं, पण डोळ्यांत टिपूस नाही.

उत्तर : अगं बाई, हसलात काय!

उपवास, गोळ्या, भांडण हे घरोघरचं आहे. मी अडले ती चपलेपाशी. पायातली चप्पल निसटली तर तुला-मला पुढच्याच पावलाला कळतं. खडा टोचतो, डांबर भाजतं, चाल लंगडी पडते. तुझे मिस्टर चौकापासून दारापर्यंत आले आणि त्यांना यातलं काहीच कळलं नाही. याला विसराळूपणा म्हणू नकोस. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा खराब होतात, आणि बहुतेक वेळा सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. मग काच रुतली तरी माणूस त्याच पायावर दिवसभर पोती उचलतो. फोड येतो, फुटतो, चिघळतो. घरच्यांना कळतं ते वास यायला लागल्यावर, आणि तोवर कधी कधी बोट काढायची पाळी आलेली असते.

आता चौरागड. तेराशेच्या आसपास पायऱ्या, खांद्यावर लोखंड, आणि खाली उतरल्यावर ते सांगत असणार, एक काटा टोचला नाही, भोलेबाबाची कृपा. सोबतचे गडी पाठ थोपटत असणार. माझे वडीलही महादेवाला जायचे. परत आले की आई परातीत त्यांचे पाय घेऊन सुईनं काटे काढायची आणि ते असे ओरडायचे की शेजारची काकू धावत यायची. महादेवानं त्यांना काही कमी केलं नाही.

तू मात्र मुलाचं नख निघाल्याचं कौतुकानं लिहिलंस, आणि त्याच पत्रात नवरा दुखणं सांगत नाही म्हणून रडतेस. घरात दुखणं सांगणाऱ्या गड्याला कधी किंमत दिली होती का?

तेव्हा समजूत घालू नकोस. आज रात्री एवढंच कर. जेवणं झाली की त्यांना पलंगावर पाय पसरून बसव, मुलाला शेजारी बसव. मोबाइलच्या उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या नीट बघ. मग त्यांना डोळे मिटायला सांग. पूजेला रोज मिटतात, इथंही मिटतील. तुझ्या बोटाचं टोक त्यांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला, करंगळीला हलकेच एकेक-दोन सेकंद टेकव. दाबू नको, चोळू नको, गुदगुल्या तर नकोच. दोन्ही पाय मिळून सहा वेळा. कळलं की त्यांनी कुठला पाय ते सांगायचं. कुठं हात लावलास ते मुलाला बघू दे.

सहापैकी दोन वेळा जरी ते गप्प राहिले, तर सकाळी दुकान उघडायच्या आधी डॉक्टर. मेडिकल कॉलेजची ओपीडी असो की तुमचे नेहमीचे, "पायाची संवेदना तपासा" असं तोंडानं म्हण. नायलॉनचा जाड धागा टेकवून बघतात, सुई नसते, हे त्यांना आधीच सांगून ठेव. तळव्याला जखम दिसली, तर मग मोजामोजी करत बसूच नको, थेट ने. आणि सहाही वेळा बरोबर सांगितलं तरी या आठवड्यात दाखवायचंच आहे. उपवासाच्या दिवशी गोळ्या कशा घ्यायच्या ते तिथंच विचार. साबुदाण्याच्या खिचडीनं शुगर वाढते हेही डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू दे, तुझं ते ऐकणार नाहीत. तोवर पाय शेकायला गरम पाणी देऊ नकोस, भाजलं तरी त्यांना कळायचं नाही.

मुलाच्या अंगठ्याचं काय झालं, ते तू लिहिलंच नाहीस. त्याचाही बघ.