पस्तिशी उलटल्यावर स्केटबोर्ड परत सुरू करायचा असेल तर ऑलीपासून सुरुवात करावी का?

तुम्ही लिहिलंय की वय ३७, राहणं निपाणीत, कॉलेजसाठी पुण्यात होता तेव्हा बोर्ड चालवायचा, मग नोकरी-लग्नात तो माळ्यावर गेला. आता परत सुरू करून ऑली (हात न लावता बोर्डासकट मारायची उडी) आणि किकफ्लिप (त्याच उडीत बोर्ड हवेत उलटवणं) शिकायचेत, पण पडायची भीती वाटते आणि लोक हसतील असंही वाटतं. मी बेळगावचा, उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो आणि चाळिशीच्या तोंडावर बोर्ड परत हातात घेतला. त्यामुळे उत्तर अधूनमधून नट-बोल्टांकडे वळेल, तेवढं सांभाळून घ्या.

थेट सांगायचं तर ऑलीपासून सुरुवात करू नका. निदान पहिले दोन-तीन महिने तरी नको.

परत येणाऱ्या माणसाची अडचण नवशिक्यापेक्षा वेगळी असते. नवशिक्याला काहीच येत नसतं, म्हणून तो जपून असतो. तुम्ही बोर्डावर उभे राहिलात की दहा मिनिटांत पायांना सगळं आठवायला लागेल. कुठला पाय पुढे, धक्का कसा मारायचा, वळताना खांदे कसे न्यायचे, सगळं. आत्मविश्वास त्या दहा मिनिटांत परत येतो, घोटे मात्र यायला महिने घेतात. स्नायू त्यामानाने लवकर तयार होतात, पण स्नायूबंध आणि पोटरीखालची ती जाड शीर, म्हणजे अकिलीस, हळूहळू सवय करून घेतात. वीस वर्षांचे असताना जे वजन होतं ते आता राहिलेलं नाही, हेही आहेच. म्हणून आठवड्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येक वेळी पाऊण तास, आणि मध्ये एक दिवस सुट्टी, एवढंच धरा. रविवारी एकदम चार तास खेळून सोमवारी जिना उतरताना कठड्याला धरणारे मी पाहिलेत.

आणि ऑली म्हणजेच स्केटबोर्डिंग, हा आपला समज व्हिडिओंनी करून दिलाय. कॅलिफोर्नियात हा प्रकार १९५०च्या दशकात सुरू झाला. ऑली आला १९७०च्या दशकाच्या अखेरीला. फ्लोरिडातल्या ॲलन गेलफंड नावाच्या मुलाने तो काँक्रीटच्या उभ्या उतारावर काढला, आणि सपाट जमिनीवर त्याला आणलं रॉडनी मलनने, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. म्हणजे वीसेक वर्षं लोक ऑलीशिवायच बोर्ड चालवत होते आणि मजेत होते. त्या काळातले प्रकार आपल्या वयाला जास्त मानवतात, असं माझं मत आहे.

किकटर्नपासून सुरू करा. हळू चालत्या बोर्डावर मागच्या पायाने शेपटीवर, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकावर, थोडा भार द्यायचा, पुढची चाकं जमिनीपासून दोन बोटं उचलायची आणि आधी खांदे वळवायचे. बोर्ड मागोमाग येतो. दोन्ही बाजूंना जमायला हवं. एकच बाजू सोपी वाटते, दुसरीकडे लाकूड झाल्यासारखं वाटतं, तर त्या दुसऱ्या बाजूलाच जास्त वेळ द्या. हाच प्रकार डावीकडे-उजवीकडे पटापट केला की टिक-टॅक होतो आणि जमिनीवर पाय न टेकता पुढे जाता येतं. दिसायला पोरकट, पण घोट्यांना आणि मांड्यांना याच्याइतका व्यायाम दुसऱ्या कशाने होत नाही. त्याच्या जोडीला मॅन्युअल, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर तोल धरून चालणं. इथे मागे पडण्याचा धोका असतो, म्हणून तोल गेला की मागचा पाय लगेच जमिनीवर उतरवायची सवय आधी लावून घ्या.

मग कडेवरून उतरणं. चार इंचांची पायरी किंवा फुटपाथची कड पुरे. कडेशी पोचताना पुढची चाकं जराशी हलकी करायची, आणि खाली चारही चाकं एकदम टेकली पाहिजेत. गुडघे वाकलेले. हे जमलं की ऑलीचा उतरण्याचा अर्धा भाग तुम्हाला आलाच.

त्यानंतर शवइट. मागच्या पायाच्या बोटांनी शेपूट टाचेच्या दिशेला ओढायची, दोन्ही पाय नुसते हलके वर घ्यायचे, बोर्ड खालच्या खाली अर्धा फिरतो आणि आपण परत त्यावर. उडी फार लागत नाही, पण मनाचा हिय्या लागतो. भीतीपोटी लोक एक पाय बोर्डावर आणि एक जमिनीवर टाकतात, आणि नेमकं तेच घोट्याला भोवतं. दोन्ही पाय बोर्डावर, नाहीतर दोन्ही जमिनीवर. मधला मार्ग नाही. बोर्ड कडेवर उभा राहिला दिसला तर त्यावर पाय देऊच नका, बाजूला उडी मारा.

माझा स्वतःचा आवडता प्रकार बोनलेस. एका हाताने बोर्डाची कड धरायची, पुढचा पाय जमिनीवर रोवायचा, त्याच पायाने उडी मारायची आणि वरच्या वर पाय परत बोर्डावर ठेवून उतरायचं. एक पाय जमिनीवर असल्यामुळे धीर असतो, आणि बघणाऱ्याला ते ऑलीपेक्षा भारी वाटतं, हा वरचा फायदा.

आता ऑली. करायचाच आहे तर नीट करा. मागच्या पायाचा चवडा शेपटीच्या मधोमध, पुढचा पाय पुढच्या चाकांवरच्या बोल्टांच्या थोडा मागे. बहुतेकांचं इथे चुकतं की ते शेपूट जमिनीवर आपटण्यालाच ऑली समजतात. आधी उडी, शेपटीचा ठोका त्या उडीचाच शेवट. भार वर निघालेला असतानाच घोट्याने झटका बसला पाहिजे. अंगाचं ओझं शेपटीवर तसंच ठेवून कितीही जोरात आपटा, बोर्ड उठणार नाही. ठोका बसला की पुढचा पाय घोट्यात आतल्या बाजूला वळवून, बुटाच्या बाहेरच्या कडेने ग्रिपटेपवरून (बोर्डावर चिकटवलेल्या खरखरीत थरावरून) वर घासत न्यायचा. त्या घासण्यानेच बोर्ड वर येतो आणि आडवा होतो. मग गुडघे छातीकडे, आणि उतरताना पाय बोल्टांवर.

जागेवर उभं राहून गवतावर किंवा सतरंजीवर हे करून बघायला हरकत नाही, पण तिथेच अडकू नका. उभ्या बोर्डावर जमलेला ऑली चालत्या बोर्डावर पुन्हा शिकावा लागतो. चालण्याच्या वेगाने बोर्ड पुढे जात असतानाच सराव केलेला बरा. माझ्याबरोबर येणाऱ्या एका मित्राचा बोर्ड उतरताना नेहमी तिरका पडायचा. रोलर स्केट घालून शेजारी फिरणारा एक नऊ-दहा वर्षांचा पोरगा त्याला म्हणाला, "अंकल, मी बघितलो की. उडी मारताना तुम्ही खांदे फिरवतासा." आम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करून पाहिलं, पोराचं शंभर टक्के खरं होतं. खांदे बोर्डाला समांतर ठेवले की बोर्ड सरळ उतरतो.

पडण्याचं. मोठ्या माणसाचं सगळ्यात आधी मनगट मोडतं, कारण पडताना आपण हात ताठ करून जमिनीवर टेकवतो. म्हणून हेल्मेटच्या बरोबरीने मनगटाचे गार्ड घ्या. गुडघ्याचे पॅडही घ्या, पण पैसे मोजकेच असतील तर आधी डोकं आणि मनगट. पडतोय असं वाटलं की आधी खाली बसायचं, उंची कमी करायची, हाताची कोपरं वाकवून खांद्यावरून लोळण घ्यायची. याचा सराव बोर्डाशिवाय करा. आमच्याकडे लेले ग्राउंडची माती स्केटबोर्डाच्या काही कामाची नाही, पण लोळायला उत्तम. जुनी गुडघ्याची दुखापत असेल किंवा खेळून झाल्यावर गुडघा सुजत असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा.

सामानाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी मला राहवत नाही. खेळण्यांच्या दुकानातला रंगीत बोर्ड घेऊ नका. त्याचे ट्रक, म्हणजे चाकं धरणारे खालचे दोन आधार, प्लास्टिकचे असतात आणि मोठ्या माणसाचं वजन त्यांना पेलत नाही. मेपलच्या सात थरांचा, आठ ते सव्वाआठ इंच रुंदीचा डेक (उभं राहायची फळी) आणि त्याच रुंदीचे ॲक्सल असलेले ट्रक, एवढं बघा. माळ्यावरचा जुना बोर्ड वापरणार असाल तर डेकचे थर सुटलेत का आणि ट्रकमधले बुश (रबरासारख्या कड्या) कडक होऊन तडकलेत का ते तपासा. चाकांचं गणित आपल्या रस्त्यांमुळे वेगळं होतं. ट्रिकसाठी ५२-५४ मिलिमीटरची, ९९ए कडकपणाची चाकं वापरतात, पण आपल्याकडच्या रस्त्यावर हरभऱ्याएवढा खडा आला तरी ती जागच्या जागी थांबतात, आणि तुम्ही थांबत नाही. मी दोन सेट ठेवतो. गुळगुळीत जागेला कडक, आणि रस्त्यावर नुसतं फिरायला ५८-६० मिलिमीटरची, ७८ए च्या आसपासची मऊ.

बेअरिंगसाठी 'एबीईसी ७', 'एबीईसी ९' असले आकडे बघून जास्त पैसे देऊ नका. तो आकडा बेअरिंग किती अचूक मापाचं आहे ते सांगतो. उडी मारून आपटल्यावर ते किती टिकेल याच्याशी त्याचा संबंध नाही. स्केटबोर्डचं बेअरिंग म्हणजे साधं ६०८: आतून ८, बाहेरून २२, रुंदीला ७ मिलिमीटर. हे छोट्या मोटारींतही असतं आणि बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात मिळतं. आमच्या उद्यमबागेत तर मागायचाच अवकाश. त्यात कारखान्याचं ग्रीस भरलेलं असतं म्हणून सुरुवातीला चाक जरा जड फिरतं. परत सुरू करणाऱ्याला तेच बरं.

आणि पाने. या बोर्डांचे नट इंचाच्या मापाचे असतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चाकाचा नट चार सूत, डेकच्या बोल्टांचा तीन सूत, आणि ट्रकच्या मधल्या किंगपिनचा साडेचार सूत. हा शेवटचा पाना सहसा कुणाकडे नसतो, आणि १४ मिलिमीटरचा पाना त्याला बसत नाही. ओढूनताणून नट गोल करण्यापेक्षा बोर्डाबरोबर स्केट टूल घेऊन टाका. चाकाचे नट नायलॉक असतात. बरेचदा काढघाल केली की आतलं नायलॉन झिजतं, तेव्हा बदला.

जागा हा खरा प्रश्न. बेळगावात रोलर स्केटिंगची पोरं भरपूर आहेत, पण ती चाकं वेगळी आणि शिस्तही वेगळी. तिथल्या प्रशिक्षकांना आधी विचारा. क्लास संपल्यावर अर्धा तास मिळाला तर त्यासारखी फरशी नाही, फक्त शेपूट आपटून फरशी खराब होईल अशी त्यांना भीती असते, म्हणून तिथे किकटर्न आणि मॅन्युअलच करा. स्मार्ट सिटीत झालेले काँक्रीटचे रस्ते लांबून गुळगुळीत दिसतात, पण गाड्या घसरू नयेत म्हणून त्यांवर बारीक रेघा ओढलेल्या असतात. मऊ चाकांना चालतात, कडक चाकांवर दातखीळ बसते. शहराबाहेरचे नवे लेआउट, जिथे रस्ते झालेत आणि घरं अजून व्हायचीत, ते सकाळी सहा-सातला सर्वांत चांगले. निपाणीत हायवेच्या सर्व्हिस रोडवर मात्र जाऊ नका, कितीही मोकळा दिसला तरी.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न जूनमध्ये पडेलच. ओला डेक फुगतो, बेअरिंगला गंज चढतो, आणि ओली शहाबादी फरशी तर हाडवैरी. पण चातुर्मासात लग्नं नसतात. मंगल कार्यालयांचे पत्र्याचे जेवणाचे मांडव आणि झाकलेली पार्किंगची जागा तेव्हा रिकामी पडलेली असते. मालकाला भेटून, ओळख काढून, आठवड्यातून दोन सकाळी मागून बघा. झाडून घ्यायची तयारी ठेवा. आमचं निम्मं शिकणं असल्याच एका मांडवात झालंय. निपाणीहून कोल्हापूर तुम्हाला बेळगावपेक्षा जवळ, त्यामुळे सोबती शोधायचे तर तिकडेही विचारपूस करा.

लोक हसण्याचं म्हणाल तर हसतात. पहिल्या आठवड्यात कुणीतरी आजोबा थांबून म्हणणारच, "काय ओ, ह्या वयात हातपाय मोडून घेताय की काय?" त्यांना नमस्कार करायचा आणि पुढे जायचं. दुसऱ्या आठवड्यात तेच आजोबा नातवाला घेऊन येतात. वयाचंच म्हणाल तर २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून अँडी मॅकडोनाल्ड ५१व्या वर्षी पार्क स्केटबोर्डिंगमध्ये उतरला होता, आणि त्याच खेळात चीनची ११ वर्षांची मुलगी होती. त्याने आयुष्यभर तेच केलं, आपली बरोबरी नाही. पण ३७ हे वय म्हणून आडवं येत नाही एवढं त्यावरून कळतं.

राहिला किकफ्लिप. तो ऑलीवरच उभा असतो, पुढच्या पायाने कडेला झटका देऊन बोर्ड हवेत उलटवायचा. आत्ता त्याचे व्हिडिओही बघू नका. चालत्या बोर्डावरून आडवी ठेवलेली वीट न अडखळता ओलांडता आली, आणि एकदा नाही, कधीही सांगितलं तरी आली, की मग वेगळा प्रश्न टाका. त्याचं उत्तर याच्यापेक्षा लांब होईल.