बागेतल्या तळ्याचा काठ: वाचकांचे प्रश्न

बागेत प्लास्टिकचा कागद घालून तळं करणाऱ्यांची पत्रं येतच असतात आणि घोळ बहुधा तोच असतो. खड्ड्याचा विचार झालेला असतो, काठाचा नसतो. म्हणून काठाचे प्रश्न एकत्र घेतो.

काठाला उतार किती द्यावा?

एकास चार. एक फूट खोली गाठायला चार फूट आडवं अंतर. जागा नसेल तर एकाच बाजूला द्या, पण द्या.

कागद किती मोठा घ्यावा?

खड्डा पूर्ण खणून झाल्यावर दोरी तळापर्यंत टेकवत आरपार टाका, ती मोजा आणि दोन्ही टोकांना एकेक फूट वाढवा. खणण्याआधी कागद आणू नका.

उतारावर लावलेले गोटे घसरून तळाशी जातात. सिमेंटने बसवू का?

नको. सिमेंट प्लास्टिकला धरत नाही. गोटे घसरतात कारण त्यांना खाली टेकायला काही नाही. खणतानाच, पाण्याखाली साधारण फुटावर, फूटभर रुंद कट्टा सोडायचा आणि त्याची तळ्याकडची कड चार बोटं उंच ठेवायची. मोठे धोंडे कट्ट्यावर, त्यांच्या आधाराने वर लहान गोटे. कागदाच्या खाली आणि वर जिओटेक्स्टाइल, म्हणजे कागद जपणारं जाड कृत्रिम कापड, हवं. क्रशरची खडी स्वस्त पडते, पण तिच्या कडा कागद कापतात. तयार तळ्यात आता कट्टा काढता येईल का, हे माती बघितल्याशिवाय सांगणार नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती जवळच्या अभियंत्याला दाखवाच.

पाणी रोज उतरतं. विक्रेता म्हणतो कागद फाटलाय, नवा घ्या.

दुकानात बसून त्याला कसं कळलं? एप्रिल-मेमध्ये पठारावर वाफेनेच दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास पाणी जातं. एकास चार उतारावर तेवढ्याने चार सेंटिमीटर काठ उघडा पडतो, म्हणून डोळ्यांना नुकसान मोठं दिसतं. पाण्याने भरलेली बादली काठाशी ठेवा आणि दोन दिवस दोन्हीकडची उतरण मोजा. तळं जास्त उतरलं तर आधी कड बघा. लॉनची माती सरळ पाण्यात उतरली असेल तर ती वातीसारखी पाणी ओढून बाहेर टाकते. कागदाची कड पाण्याच्या वर दोन-तीन इंच उभी राहिली पाहिजे. मागे माती, पुढे गोटे. कड सगळीकडे एका पातळीत आहे का, हे गवंड्याकडून लेव्हल पाइप लावून बघून घ्या. नव्या कागदाचं त्यानंतर.

शेततळ्याचा उरलेला ५०० मायक्रॉनचा कागद आहे. उतारही शेततळ्यासारखाच ठेवला तर जागा वाचेल ना?

कागद चालेल, उतार नाही. शेततळ्याचा उतार साधारण एकास दीड असतो, कारण तिथे कमी जागेत जास्त पाणी मावायला हवं. ओल्या कागदावर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो. अशा तळ्यात पडलेला कुत्रा नखं मारत राहतो, वर येत नाही. पोहता येणारा माणूसही येत नाही, कारण हाताला धरायला काहीच नसतं. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि ‘पोहता येत नसेल’ म्हणून मोकळे होतो. ‘आमचं तळं कमरेएवढंच आहे’ हेही फार ऐकलं. लहान मूल वीतभर पाण्यात बुडतं. एकास चारचा उतारसुद्धा उघडा असेल तर निसरडाच. गोट्यांनी झाकला तरच तो चढायची वाट होतो. आणि तो कुंपणाऐवजी नाही. घरात लहान मूल असेल तर आधी कुंपण, मग पाणी. ज्यांची शेततळी आहेत त्यांनी गाठी मारलेले दोर चारही बाजूंनी आजच सोडावेत. कुंपणासाठी सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, पण दोर त्यांच्या उत्तरासाठी थांबवू नका.

काठावर काय लावावं?

वेखंड, ब्राह्मी. पाणकणीस कुंडीतच, त्याचे कोंब कागद भोसकतात. जलपर्णी फुकट मिळाली तरी नको. झाडी विरळ ठेवा. दाट झाली की मासे आत शिरत नाहीत आणि डास होतात. गप्पी सोडण्याआधी स्थानिक हिवताप विभागाशी बोला.

जूनमध्ये खणलं तर पावसानेच भरेल?

कागदाखाली पाणी शिरून तो फुग्यासारखा वर येईल. दिवाळीनंतर खणा, आणि त्याआधी शेजारच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यात कुठवर चढतं ते विहीरमालकाला विचारा.