तापमानाची गोधडी आणि किनाऱ्याचा फोटो

प्रश्न : आमच्या बचतगटाला सोलापूरच्या तापमानाची गोधडी शिवायची आहे, निळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या जागतिक चित्रासारखी. आकडे कुठून घ्यायचे? रंग कसे ठरवायचे?

ते चित्र रेडिंग विद्यापीठातल्या एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये केलं. एक पट्टा म्हणजे एक वर्ष. १९७१–२००० च्या सरासरीपेक्षा गार वर्ष निळं, उष्ण वर्ष तांबडं. म्हणजे निळ्या वर्षीही सोलापूरचा मे सोलापूरचाच होता, हे गोधडीशेजारी लिहून ठेवा.

हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९५१ पासूनचं रोजचं कमाल-किमान तापमान १ अंशाच्या चौकटींत मिळतं. एक चौकट सुमारे ११० किलोमीटरची, तेव्हा ‘सोलापूर शहर’ नको, ‘सोलापूर परिसर’ म्हणा.

महिनावार सरासरी काढा. प्रत्येक महिन्यातून त्याच महिन्याची १९७१–२००० ची सरासरी वजा करा आणि मग बारा फरकांची सरासरी घ्या. हा वळसा कशाला? हवामान केंद्राच्या जुन्या नोंदी वापरल्यात तर एखादा महिना गहाळ निघतोच. समजा वर्षाची सरासरी २७ अंश आणि मेची ३३. मे गाळून थेट सरासरी काढली तर ती २६.४५ येते. अर्ध्या अंशाहून जास्त खोटा गारवा! १९०१ ते २०१८ मध्ये भारताची सरासरी तापमानवाढ सुमारे ०.७ अंश आहे. त्यापुढे ही चूक केवढी ते बघा.

चार निळ्या, चार तांबड्या छटा पुरतात. दर छटेला ०.२ अंश, ०.६ च्या पुढचं सगळं सर्वांत गडद.

१९५१–२०२४ ही ७४ वर्षं. तयार पट्टा २.५ सेंमी हवा असेल तर ४ सेंमी कापा. दोन्ही कडांना पाऊण-पाऊण सेंमी शिवणीत जातं. शिवण नुसती १ मिमी आत सरकली तरी ७३ शिवणींत साडेचौदा सेंमी गोधडी आखडते. सगळ्या शिवणी एकाच टोकाकडून घातल्या तर ती कमानीसारखी वळते, म्हणून एक वरून, पुढची खालून. तांबडं पॉपलीन आधी वेगळं भिजवा आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. रंग सुटला तर फिकट निळी वर्षं गुलाबी होतील.

पावसासाठी हीच रीत नको. तिथे मिलिमीटरऐवजी सरासरीच्या टक्केवारीत फरक काढा आणि तपकिरी-हिरवा वापरा. एकसारखा चढ मात्र दिसेलच असं नाही.

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या आमच्या शाळेची मुलं दर महिन्याला एकाच जागेवरून किनाऱ्याचा फोटो काढतात. लघुपट करायचा आहे, पण पाणी कधी इथे तर कधी तिथे. काय चुकतंय?

तुम्ही इंग्रजी तारीख पाळताय, समुद्र तिथी पाळतो. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी, आणि ओहोटी साधारण दुपारी येते, उजेडही चांगला. शुद्ध अष्टमी धरा, भरती-ओहोटीच्या तक्त्यातली नेमकी वेळ बघून पाण्याची उंची फोटोसोबत लिहा. सिडनीत २०१७ पासून चालणाऱ्या, लोकांनीच किनाऱ्याचे फोटो काढायच्या ‘कोस्टस्नॅप’ उपक्रमात फोन ठेवायला पोलादी खोबणी पक्की बसवलेली असते. तुम्ही कट्ट्यावर सिमेंटमध्ये खोबणी बसवा. झूम करू नका.

पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, हिवाळ्यापर्यंत बरीचशी परत येते. जूनचा फोटो मार्चशेजारी ठेवून ‘समुद्र वाढला’ म्हणू नका. मार्च मार्चशीच जोडा. आणि जवळ जेटी किंवा धूपप्रतिबंधक बंधारा झाला असेल तर त्याची तारीख पडद्यावर हवीच, कारण वाळू त्यामुळेही सरकते.