निराधारचे पैसे घेणारी आई पालक होऊ शकते का?

प्रश्न: आम्ही कोकणा समाजाचे. भाऊ 26 वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमता आहे, दाखला 80 टक्क्यांचा. वडील दोन वर्षांपूर्वी वारले. भावाचं दिव्यांग अनुदान खात्यात जमा होतं, पण बँक पालकत्वाचा दाखला मागते, पैसे काढू देत नाही. आई अर्ज घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात गेली तर ‘तुम्हालाच निराधारचे पैसे मिळतात, तुम्ही पालक कशा होणार?’ म्हणून परत पाठवलं. आता काय करावं?

उत्तर: ताई, जिल्हा बदलतो, समाज बदलतो, कधी भिल्ल, कधी वारली, कधी माडिया, पत्र मात्र हेच येतं. त्यामुळे युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), उत्पन्नाचा दाखला, आधार जोडणी यांवर शब्द खर्च करत नाही. ते सगळं तुमच्याकडे आहे. तुमचं काम एका नियमातल्या एका शब्दावर अडलंय आणि तो शब्द आहे ‘आणि’.

मुलगा 18 वर्षांचा झाला की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत, मग तो स्वतःच्या हाताने घास घेऊ शकत असो वा नसो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याच्या कलम 14 खाली पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला आहे, दिवाणी कोर्टात जावं लागत नाही. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते.

भावाला 18 पूर्ण होऊन आठ वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं वडील हयात होते. तेव्हा दोघांनी मिळून अर्ज केला असता तर ‘निराधार’ हा शब्द त्या टेबलावर आलाच नसता. तुम्ही शिकलेल्या आहात, शहरात नोकरी करता, बँकेने पहिल्यांदा दाखला मागितला तेव्हाच चौकशी करायला हवी होती. हे कडक वाटेल, पण तुम्ही पाठवलेला पासबुकाचा फोटो पाहून मला राहवलं नाही. जमेच्या रकान्यात आधी दीड हजाराच्या ओळी, ऑक्टोबर 2025 पासून अडीच हजाराच्या. ‘नावे’चा, म्हणजे काढलेल्या पैशांचा, रकाना कोरा. आणि आईच्या औषधांची उधारी दुकानदाराच्या वहीत चढतेय, असं तुम्हीच लिहिता.

आता तो नियम. राष्ट्रीय न्यासाच्या 2000 सालच्या नियमांत 17वा नियम पालक कोण असावा ते सांगतो. भारतीय नागरिक असावा, दिवाळखोर नसावा, गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी वगैरे अटी आहेत. त्यातच एक अट अशी की ती व्यक्ती निराधार आणि स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेली नसावी. कार्यालयातल्या माणसाने पहिला शब्द वाचला, संजय गांधी निराधार योजनेचं नाव त्याला चिकटवलं आणि पुढचं वाचलंच नाही. नियमात ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे. दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच अपात्रता. योजनेच्या नावात निराधार असणं म्हणजे या नियमातलं निराधार असणं नव्हे; ती योजना उत्पन्नाची मर्यादा बघते. तुमची आई भात लावते, रोजगार हमीवर जाते, 26 वर्षं एका माणसाला न्हाऊमाखू घालून जगवते. ती कुणावर अवलंबून आहे? तिच्यावर दुसरा अवलंबून आहे.

हा युक्तिवाद तोंडी करू नका. नमुना ‘अ’मधला अर्ज आईच्या एकटीच्या नावाने भरा, वडिलांचा मृत्यू दाखला जोडला की एका पालकाचा अर्ज चालतो. सोबत आईचं प्रतिज्ञापत्र: कशावर घर चालतं, कोणती शेती, किती मजुरी. जॉबकार्डाची प्रत लावा, त्यावरच्या हजेऱ्या हाच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. नियम 17 मधलं ते वाक्य अर्जात उतरवा. आणि आवक शिक्का, क्रमांक, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आई मागच्या वेळी तोंडी नकार ऐकून घरी आली, म्हणून आज आव्हान द्यायला आपल्या हातात कागदच नाही.

समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसावं असं कायदा म्हणतो. ती बसते का, हे दहा रुपयांच्या माहिती अधिकाराच्या अर्जाने कळेल: शेवटची बैठक कधी झाली, किती अर्ज पडून आहेत. लेकराला पाठुंगळी घेऊन कलेक्टर कचेरीचा जिना चढणारी आई मी पाहिली आहे. तिला ‘पुढच्या महिन्यात या’ सांगणं मला सहन होत नाही. तारखा हातात आल्या की पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार, नाहीतर उच्च न्यायालय. समिती माझ्यासारखाच अर्थ लावेल याची हमी मात्र मी देत नाही. लेखी नकार आला तर तो मला पाठवा.

आईऐवजी तुमचं नाव घालावं का, असंही विचारलंय. आई तिच्या पसंतीच्या कुणाचंही नाव सुचवू शकते. पण वडिलांच्या जमिनीत तुम्हीही वारस आहात, समिती ते विचारणारच. आधी आईचंच नाव द्या. तिच्यामागे काय, याचा विचार मात्र आजपासून करा.

पालकत्व मिळालं की सहा महिन्यांत भावाच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो. साधी वही चालेल, पण ठेवा. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 14 सांगतं की पालकाने त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच निर्णय घ्यायचे. भाऊ बोलत नाही, पण भाकरी हवी की भात हे मान हलवून सांगतो, असं तुम्ही लिहिलंय. ते त्याचं मत आहे, ते विचारात घेत जा.

जमिनीचं थोडक्यात. तुम्ही लिहिता त्या व्यापाऱ्याने जमिनीच्या मक्त्यासाठी, म्हणजे भाडेपट्ट्यासाठी, भावाचा अंगठा मागितलाय, तो देऊ नका. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने द्यायलाही जमीन महसूल संहितेच्या कलम 36 अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. वनपट्टा (वनहक्क कायद्याने मिळालेली जमीन) असेल तर तो वारसाला मिळतो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. सातबारावर भावाचं नाव वारस म्हणून लागलं का, ते तलाठ्याकडे बघा.

ग्रामपंचायतीतल्या दिव्यांगांच्या वाट्याबद्दल ग्रामसेवक ‘पाच टक्के पेसात गेले’ म्हणाले, असं तुम्ही लिहिता, तेही चूक. पेसा म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा, त्याखालचा अबंध निधी वेगळा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले दिव्यांगांसाठीचे पाच टक्के वेगळे. पाड्यावर घरपट्टीच जेमतेम, तेव्हा रक्कम छोटी निघेल, पण खर्चाचा हिशेब ग्रामसभेत मागा.

वकिलाची फी लागणार नाही. अनुसूचित जमातीची व्यक्ती, स्त्री, दिव्यांग: यांतलं एक जरी असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तुमच्या घरात तिन्ही आहेत.

आणि भावाचा हयातीचा दाखला 31 मार्चच्या आत तहसीलमध्ये द्या. पैसे काढता येत नाहीत म्हणून कंटाळून तो चुकवलात, तर जमेच्या रकान्यातल्या ओळीही थांबतील.